सौरऊर्जा चांगली, पण आपल्या गच्चीवर नको

पत्र

ताई, नमस्कार.

आमची चोवीस घरांची इमारत आहे. गच्ची मोठी, दिवसभर ऊन. मागच्या सभेत मी तिथे सौर पॅनल बसवायचा विषय मांडला. त्याआधी महिनाभर माहिती गोळा केली होती, आकडे काढले होते. सुरुवातीला सगळेच म्हणाले, छान, करायलाच हवं. हात वर करायची वेळ आली तेव्हा मात्र दहाच हात वर झाले. सगळ्यात वरच्या मजल्यावरचे काका म्हणाले, गच्ची गळेल. एका वहिनींना किरणांची भीती वाटते, घरात लहान बाळ आहे. कोणी म्हणालं, उष्णता वाढेल. एकांनी सांगितलं की पॅनल तयार करायला जेवढी वीज लागते तेवढी तो जन्मात परत देत नाही. 'रात्री काय करणार?' हे तर तीनदा विचारून झालं. शेवटी मी चिडले आणि सगळ्यांसमोर काकांना म्हणाले, तुम्हाला नवीन काही नकोच असतं. आता ते जिन्यात भेटले तरी मान फिरवतात. हे खरंच व्यवहार्य आहे, की मीच भाबडी आहे? आणि व्यवहार्य असेल तर या लोकांना पटवू कसं?

— चोवीसातली एक

उत्तर

तुम्ही भाबड्या नाही, हे आधी सांगते. सौर पॅनल वीज देतात की नाही, याबद्दल आता वाद उरलेला नाही. तुमच्या गच्चीवर ते बसवावेत की नाही, हा प्रश्न वेगळा आहे. त्याचं उत्तर तुम्ही गोळा केलेल्या आकड्यांत नाही, त्यातलं बरंचसं त्या चौदा जणांकडे आहे.

'जन्मात परत देत नाही' म्हणणाऱ्या गृहस्थांपासून सुरुवात करू. ते मनाने रचून बोलत नाहीत. सुरुवातीच्या काळात ही शंका रास्तच होती. सिलिकॉनचा पहिला उपयोगी सौरघट (उन्हाची वीज करणारा तुकडा, असे अनेक जोडून पॅनल होतो) 1954 मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत चॅपिन, फुलर आणि पिअर्सन या तिघांनी तयार केला. अंगावर पडलेल्या उन्हातला जेमतेम 6 टक्के भाग त्यातून वीज होऊन बाहेर यायचा. चार वर्षांनी 'व्हॅनगार्ड 1' हा उपग्रह असेच घट घेऊन अवकाशात गेला, कारण इतकी महाग वीज परवडेल अशी दुसरी जागाच तेव्हा नव्हती. आज बाजारात मिळणारा साधा पॅनल 20 टक्क्यांच्या वर जातो. सिलिकॉनच्या चकत्या पातळ झाल्या, त्यामुळे तो बनवायला लागणारी ऊर्जाही उतरली. स्वतःच्या निर्मितीत गेलेली ऊर्जा आजचा पॅनल बऱ्या उन्हाच्या जागी वर्ष-दीड वर्षात परत देतो आणि पुढे पंचवीस वर्षं किंवा त्याहून जास्त चालतो. दर वर्षी त्याची ताकद साधारण अर्धा टक्का कमी होत जाते. किमतीचं म्हणाल, तर 2010 नंतरच्या एका दशकात पॅनल सुमारे 90 टक्क्यांनी स्वस्त झाले. जगातल्या एकूण सौर क्षमतेला पहिल्या एक टेरावॅटपर्यंत, म्हणजे एक अब्ज किलोवॅटपर्यंत, पोचायला, त्या 1954 च्या घटापासून मोजलं तर, अडुसष्ट वर्षं लागली. तो टप्पा 2022 मध्ये गाठला आणि दुसरा टेरावॅट त्यानंतर अडीच वर्षांतच आला. त्या गृहस्थांना हे सांगा, पण 'तुमचं चुकलं' असं म्हणू नका. 'एके काळी ही शंका रास्त होती' असं म्हणा, आणि तसंच आहे.

बाळाच्या आईची काळजी दूर करणं त्याहून सोपं आहे. पॅनल बाहेर कोणतेही घातक किरण टाकत नाही, आलेला बहुतेक उजेड शोषून घेतो. पॅनलची वीज घरात वापरता येईल अशी करून देणाऱ्या इन्व्हर्टरभोवती विद्युतचुंबकीय क्षेत्र असतं, पण ते घरातल्या इतर विजेच्या उपकरणांसारखंच, आणि चार पावलं लांब गेलं की विरून जातं. तरीही इन्व्हर्टर त्यांच्या झोपायच्या खोलीच्या भिंतीवर लावू नका. धोका आहे म्हणून हे सांगत नाही. दुपारभर त्याचा पंखा घरघरतो, बाळ त्याच वेळी झोपतं, आणि इन्व्हर्टर दुसरीकडे लावायला काहीच अडचण नसते.

उष्णतेचं मात्र लोकांना वाटतं त्याच्या उलट आहे. पॅनल तापतो, कडक उन्हात साठ अंशांच्याही वर जातो. पण तो स्लॅबपासून वर उचललेला असतो, मधून वारा खेळतो आणि स्लॅबवर सावली पडते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो इथल्या संशोधकांनी 2011 मध्ये एका इमारतीवर मोजून पाहिलं, तेव्हा पॅनलखालचं छत दिवसा उघड्या भागाखालच्या छतापेक्षा अडीच अंश सेल्सिअसपर्यंत थंड भरलं. म्हणजे यात सगळ्यात जास्त फायदा वरच्या मजल्याचा. तापण्याचा तोटा पॅनललाच होतो. त्याला उजेड हवा असतो, ऊब नको असते. पंचवीस अंशांच्या वर प्रत्येक अंशाला त्याची वीज साधारण 0.3 ते 0.4 टक्क्यांनी घटते. म्हणून कोणी 'स्लॅबला चिकटवून बसवू, दिसायला नीट दिसेल' म्हणालं तर ऐकू नका.

'रात्री काय?' या प्रश्नापाशी जरा थांबते, कारण इथे विचारणाऱ्यांचं बरोबर आहे आणि आपण सौरवाले हा प्रश्न बहुतेक वेळा उडवून लावतो. रात्री पॅनल शून्य वीज देतो. ढगाळ दिवशी थोडी देतो. बॅटरी नसेल तर रात्रीची वीज ग्रिडमधूनच, म्हणजे बाहेरच्या वीजपुरवठ्यातूनच येणार. दिवसा जास्तीची वीज ग्रिडला द्यायची आणि रात्री घ्यायची, त्याचा हिशेब कसा धरतात हे जिथल्या तिथल्या नियमांवर ठरतं. ते नियम बदलतातही. म्हणून आजचा नियम पंचवीस वर्षं टिकेल असं धरून गणित मांडू नका. दिवसा जेवढी वीज इमारतीतच खपेल, तेवढ्यावर गणित बसतंय का ते बघा.

आणखी एक गोष्ट तुम्ही स्वतःहून सांगायला हवी, कोणी विचारायच्या आधी. ग्रिडला जोडलेला साधा सौर संच बाहेरची वीज गेली की बंद पडतो. भर दुपारी, लख्ख उन्हात, गच्चीवर पॅनल असूनसुद्धा लिफ्ट अडकते. हा बिघाड नाही, मुद्दाम केलेली सोय आहे. लाइनवर दुरुस्ती करणाऱ्या माणसाला वाटतं तारेत वीज नाही, आणि तुमच्या गच्चीवरून ती तारेत शिरली तर तो जिवाला मुकेल. म्हणून इन्व्हर्टर ग्रिडवर नजर ठेवून असतो आणि ग्रिड गेली की स्वतःही थांबतो. वीज गेल्यावरही चालू राहायला हवं असेल तर बॅटरी आणि तसा इन्व्हर्टर लागतो, त्याचा खर्च वेगळा. हे आधी न सांगता बसवलेल्या संचांमुळे सौरऊर्जेला जितके विरोधक मिळालेत, तितके कोणत्याही अफवेमुळे मिळाले नसतील. लोकांना पॅनलचा राग नसतो, आपल्याला पूर्ण सांगितलं नाही याचा असतो.

आता काकांकडे येते. या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा माणूस मला तेच वाटतात, आणि याचं कारण माझ्या स्वतःच्या इमारतीत आहे.

आमच्याकडे पॅनल बसले तेव्हा मी तुमच्याच जागी होते. वरच्या मजल्यावरच्या एक काकू म्हणत होत्या, भोकं पाडताय तर आधी वॉटरप्रूफिंगवाल्याला विचारा. आम्ही म्हटलं, कंत्राटदार अनुभवी आहे. कंत्राटदाराच्या माणसांनी एका दिवसात स्टँडचे पाय उभे केले. प्रत्येक पायाला चार बोल्ट, प्रत्येक बोल्टसाठी ड्रिल. ड्रिलच्या टोकाबरोबर आधी लाल भुकटी वर आली, मग काळा चिकट थर, मग सिमेंटची राखाडी भुकटी. तो काळा थर म्हणजे आमचं वॉटरप्रूफिंग होतं. मी तिथेच उभी होते, बघत होते, आणि मला त्याचा अर्थ कळला नाही. पहिल्या मोठ्या पावसानंतर तिसऱ्या दिवशी काकूंच्या छतावर पंख्याच्या दांडीजवळ तळहाताएवढा ओला डाग उमटला. आठवड्याभरात तो ताटाएवढा झाला, रंगाला फुगे आले, मग पोपडे खाली पडायला लागले. कंत्राटदार फोन उचलेना. पॅनल काढायचे, गच्ची दुरुस्त करायची, पुन्हा बसवायचे, यात सहा महिने गेले. काकूंनी एकदाही 'मी सांगितलं होतं' म्हटलं नाही. त्या छताखाली बादली ठेवून त्या झोपायच्या, आणि वीजबिलातली बचत मात्र सगळ्या इमारतीत सारखी वाटली जात होती.

तुमचे काका 'गच्ची गळेल' म्हणतात तेव्हा त्यांना भविष्यातली ती बादली दिसत असते. म्हणून पॅनलवाल्यांकडे जाण्याआधी गच्चीचं बघा. वॉटरप्रूफिंग किती जुनं आहे? पॅनल पंचवीस वर्षं बसणार आणि खालचा थर त्याच्या खूप आधी दुरुस्तीला येणार असेल, तर थर आधी नवा करा आणि त्यावर स्टँड उभे करा. भोकं न पाडताही बसवता येतं. त्यात स्टँडचे पाय काँक्रीटच्या जड ठोकळ्यांवर बसवतात. पण पॅनल वाऱ्याला शिडासारखा आडवा येतो, म्हणून ठोकळे किती जड हवेत हे वाऱ्याचा जोर आणि इमारतीची उंची बघून काढावं लागतं, आणि तेवढं वजन स्लॅब पेलेल का हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने लिहून द्यायला हवं. ते लिहून देणारा इंजिनिअर पॅनल विकणाऱ्याचा माणूस नसावा, इमारतीने नेमलेला असावा. आणि गळतीची हमी करारात हवी: किती वर्षं, कोण दुरुस्त करणार, पॅनल काढून परत बसवायचा खर्च कोणाचा.

लोकांच्या मनाचा प्रश्न तुम्हाला वाटतो तितका तुमच्या इमारतीपुरता नाही. 2007 मध्ये वुस्टनहागेन, वोल्सिंक आणि ब्यूरर या तीन अभ्यासकांनी मांडलं की अशा ऊर्जेची लोकमान्यता एकसंध नसते, तिचे तीन पदर असतात. एक, समाजाचं एकंदर मत. दोन, बाजारात पैसे घालायची तयारी. तीन, जिथे ती गोष्ट उभी राहणार त्या जागच्या माणसांची संमती. पहिला पदर जवळपास सगळीकडे भक्कम असतो. अडतं ते तिसऱ्यापाशी, आणि तिथे माणसं तीन गोष्टी बघतात: फायदा-तोटा न्याय्य वाटला जातोय का, ठरवताना आम्हाला विचारलं का, आणि हे करणाऱ्यांवर विश्वास ठेवता येतो का. सभेत 'छान, करायलाच हवं' म्हणणारी आणि नंतर हात खाली ठेवणारी तीच माणसं होती. त्यात ढोंग नाही. पहिल्यांदा त्यांना सौरऊर्जेबद्दल विचारलं होतं, दुसऱ्यांदा त्यांच्या छताबद्दल.

तुम्ही महिनाभर अभ्यास केलात, आणि त्यांना एका संध्याकाळी होय-नाही करायला सांगितलंत. ही चूक चांगल्या हेतूने काम करणारी माणसं नेहमी करतात. तयार प्रस्तावाला माणूस फक्त दोन उत्तरं देऊ शकतो, आणि मनात शंका असलेला माणूस 'नाही' म्हणतो, कारण तेच कमी धोक्याचं वाटतं.

म्हणून पुन्हा मतदानाची घाई करू नका. चार-पाच जणांची समिती करा आणि तिच्यात निम्मे तरी विरोध करणारे घ्या. काकांना गच्चीची बाजू द्या, म्हणजे खरोखर द्या: त्यांनी 'अजून नाही' म्हटलं तर काम पुढे सरकणार नाही, असं कागदावर लिहून.

दुसरं, मोठ्या संचाने सुरुवात करू नका. आधी सामायिक वीज धरा: पाण्याचा पंप, लिफ्ट, जिन्यातले दिवे. त्या बिलात सगळ्यांचा वाटा आधीच ठरलेला असतो, त्यामुळे बचत कोणाला किती हा वाद निघत नाही. पंप सकाळी लवकर चालवत असाल तर तो दुपारी बारा-एकला चालवा, म्हणजे गच्चीवरची वीज थेट पंपात जाईल. मोठ्या संचापेक्षा हा छोटा संच वर्षाच्या शेवटी जास्त पटवून जातो, कारण बिल प्रत्येकाच्या हातात असतं. एक किलोवॅटला नुसत्या पॅनलची जागा पाच चौरस मीटरच्या आसपास लागते, सपाट गच्चीवर मधली अंतरं धरून जवळपास दुप्पट. कपडे वाळत घालायची, मुलांनी खेळायची जागा कुठली राहील हे नकाशावर रंगवून दाखवा. गच्ची आपल्या हातून जाईल, ही भीती कोणी सभेत बोलून दाखवत नाही, पण ती असते.

तिसरं, जिथे पॅनल बसून दोन-तीन वर्षं झाली आहेत अशी एखादी इमारत शोधा आणि काकांना, त्या वहिनींना घेऊन जा. जमलं तर पावसात जा. तिथल्या वरच्या मजल्यावरच्या माणसाशी बोलायला लावा आणि तुम्ही बाजूला थांबा. बोलिंजर आणि गिलिंगहॅम यांनी कॅलिफोर्नियातल्या घरांचा अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध केला. त्यात दिसलं की एखाद्या वस्तीत एका छतावर पॅनल चढला की आसपासच्या आणखी घरांनी तो बसवण्याची शक्यता वाढते. शेजाऱ्याचं छत बघून जे पटतं ते तुमच्या आकड्यांनी पटणार नाही, आणि त्यात तुमच्या अभ्यासाचा कमीपणा नाही.

पॅनल जुने झाले की त्यांचं काय, हा प्रश्न तुमच्या सभेत आला नाही. पण तो येईल, यायलाच हवा. 2016 मध्ये आंतरराष्ट्रीय संस्थांनी काढलेल्या अंदाजाप्रमाणे 2050 पर्यंत जगात निकामी पॅनलांचा साठा 7 कोटी 80 लाख टनांपर्यंत जाऊ शकतो. पॅनलचं बहुतेक वजन काच आणि अॅल्युमिनियमचं असतं, ते परत वापरता येतं, पण कोणी ते वेगळं केलं तरच. तुमच्या करारात जुने पॅनल उतरवून नेण्याची जबाबदारी कोणाची, हे एक कलम असू द्या.

आणि हे सगळं करूनही नको ठरलं तर? तसं होऊ शकतं. स्लॅब कमकुवत निघाला, इमारत काही वर्षांत पाडायचीच असली, शेजारच्या उंच इमारतीची सावली अर्धा दिवस पडत असली, तर मीही नकोच म्हणेन. 'नको' निघण्याची शक्यता तुम्ही मनापासून धरली असेल तरच तुमची तपासणी बाकीच्यांना खरी वाटेल.

सावलीची तपासणी तर तुम्ही कोणत्याही इंजिनिअरशिवाय, याच आठवड्यात करू शकता. पॅनलमधले घट माळेतल्या मण्यांसारखे एकामागे एक जोडलेले असतात. एकावर सावली पडली की ती सगळी रांग अडते, वीज त्या रांगेला वळसा घालून जाते, आणि साधारणपणे पॅनलचा तिसरा हिस्सा बंद पडतो. टाकीची एक कड, अँटेनाचा एक दांडा, तेवढंही पुरतं. कागदावर भरपूर ऊन असलेल्या गच्चीवर निम्मे पॅनल चुकीच्या जागी बसलेले मी पाहिलेत.

तर असं करा. आज संध्याकाळी वरच्या मजल्यावर जा आणि काकांची माफी मागा. पॅनलचा विषय काढू नका, फक्त सभेत जे बोललात त्याची. दोन-तीन दिवस जाऊ द्या. मग त्यांना विचारा, गच्चीवर सावली कुठे कुठे पडते हे मोजायचंय, तुम्ही सोबत याल का. गच्ची त्यांच्या डोक्यावर आहे. पाणी कुठे साचतं, उतार कुठे आहे, कुठला कोपरा आधी तापतो, हे तुमच्यापेक्षा त्यांना नक्की जास्त माहीत असणार. स्वच्छ उन्हाचा दिवस बघा, जाड खडू घ्या, आणि सकाळी नऊपासून चारपर्यंत दर तासाला सावलीची कड जमिनीवर आखून शेजारी वेळ लिहा. हिवाळ्यात सूर्य खाली असतो, सावल्या लांबतात, तेव्हा हेच पुन्हा एकदा करावं लागेल. सुरुवात पाण्याच्या टाकीपासून करा, आणि पहिली रेघ काकांना आखू द्या.